डाव्या इंजिनाचा काटा

१

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. डिझेल इंजिनांची वायरिंग, मीटर, सेल्फ, डायनामो, जे येईल ते काम करतो. पाटीवर 'रुपचंद ऑटो इलेक्ट्रिक' असं लिहिलंय, पण गिऱ्हाईकं मला रुपचंदभाऊच म्हणतात.

एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नरडाण्याच्या एका कारखान्यातल्या जनरेटरचं काम संपवून मी घरी आलो होतो. पाठ भरून आली होती, डोळ्यांची आग होत होती आणि आता काही दिवस कुठं जायचं नाही असं बायकोला सांगून ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी रतिलाल नावाचे एक गृहस्थ दुकानात येऊन बसले. यावलच्या खाली तापीकाठी त्यांचं गाव, आणि गावच्या उपसा सिंचन संस्थेचे ते चेअरमन. नदीचं पाणी वर केळीच्या बागांना चढवायचं काम संस्थेचं. विजेचा भरवसा नाही म्हणून त्यांनी गुजरातेत जहाजं तोडतात तिथून दोन इंजिनं आणली होती. एकाच बोटीची जोडी. गावात त्यांना डावं आणि उजवं म्हणत, कारण बोटीत ती तशी बसवलेली होती.

डाव्याच्या पंपाचा शाफ्ट तुटला होता आणि नवा यायचा होता, तोवर सगळा भार उजव्यावर. आणि उजव्याच्या तापमानाचा काटा मध्येच एकदम टोकाला जायचा. घाबरून इंजिन बंद करायचे. तासाभरानं चालू केलं की पुन्हा तेच. बाग घडावर होती. पाणी चुकलं तर घड झाडावरच काळे पडले असते.

मी नाही म्हणणार होतो. पण रतिलाल टोपी गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. मी पिशवी भरली.

२

इंजिनघर नदीच्या काठावर, गावापासून लांब होतं. दगडी भिंती, वर पत्रे, नदीच्या बाजूला एक खिडकी. मध्ये दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी, मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा. राखाडी रंगाखाली खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं लोखंड दिसत होतं. समोरच्या भिंतीवर बोटीवरचंच पॅनेल लावलेलं, पितळी कडांचे मीटर असलेलं. डाव्याचे डावीकडे, उजव्याचे उजवीकडे.

ऑपरेटर जीवराम साठीचा, वाळलेला, कमी बोलणारा. तो आणि त्याची बायको धुरपदाबाई इंजिनघराला लागून असलेल्या खोलीत राहत. मूलबाळ नव्हतं. जीवराम पूर्वी रतिलाल यांच्या बागेत कामाला होता. इंजिनं आली तेव्हा संस्थेनं त्याला इथं बसवलं आणि तो तिथलाच झाला.

उजव्याचा दोष सापडायला वेळ लागला नाही. खाऱ्या हवेनं वायरींवरचं रबर चिरलं होतं आणि पॅनेलची अर्थिंग एका गंजलेल्या बोल्टवर कशीबशी टेकलेली होती. इंजिन हादरलं की ती सुटायची, कुठंतरी उघडी तार लोखंडाला लागायची आणि काटा उडायचा. मी पॅनेलपासून ब्लॉकपर्यंत जाड तार नवी ओढली, सगळे जोड खरवडून परत आवळले, सेंडरची, म्हणजे इंजिनातलं तापमान मीटरला कळवणाऱ्या बोंडाची, वायर बदलली. इंजिन चालू केलं. काटा सावकाश ऐंशीवर आला आणि थांबला. पाईपातून पाणी वर जाऊ लागल्याचा आवाज आला तेव्हा जीवरामनं हात जोडले, इंजिनाला की मला ते कळलं नाही.

हत्यारं गोळा करताना माझी नजर डाव्याच्या मीटरवर गेली. काटा चाळिसाच्या रेघेच्या जरासा अलीकडे होता. सदतीस म्हणा. काचेवर त्याच जागी कुंकवाचं बोट उमटवलेलं होतं. दसऱ्याला यंत्रांना कुंकू लावतात, तसंच असेल असं मला वाटलं.

मग लक्षात आलं. ते इंजिन कित्येक दिवस बंद होतं. बंद इंजिन खोलीइतकं तापतं, कमी नाही, जास्त नाही. माझ्याकडे थर्मोस्टॅट तपासायला काचेचा थर्मामीटर असतो. तो मी इंजिनाशेजारी टांगला. पारा पंचेचाळिसावर गेला.

त्या खोलीत सगळं पंचेचाळीस होतं. भिंत, पत्रा, लोखंड, डब्यातलं डिझेल. फक्त डाव्या इंजिनाच्या आत काहीतरी खोलीपेक्षा थंड होतं.

३

अशा गोष्टी मला झोपू देत नाहीत. नवल म्हणून नव्हे. मागे काही राहिलं की लोक पुन्हा बोलावतात आणि पुन्हा तीच एस.टी., तीच धूळ. म्हणून रतिलाल यांना निरोप दिला की उद्याचा दिवस थांबतो.

सकाळी नीट क्रमानं लागलो. डाव्याच्या सेंडरची वायर काढली, काटा तळाला गेला. वायर लोखंडाला लावली, काटा टोकाला गेला. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. सेंडर खोलून काढला, धुरपदाबाईंकडून पातेल्यात गरम पाणी मागितलं, त्यात सेंडर आणि थर्मामीटर एकत्र सोडले. दोन्ही बरोबर चालले. म्हणजे सेंडरही ठीक. तरी उजव्याचा सेंडर डाव्याला लावून पाहिला.

सदतीस.

इंजिनाभोवतीच्या जॅकेटमधलं पाणी नळातून थोडं काढून मोजलं. पंचेचाळीस. ब्लॉकला हात लावला, चटका बसला. सेंडर परत बसवला आणि मीटरकडे पाहिलं. काटा सावकाश चढला आणि कुंकवाच्या बोटाखाली जाऊन उभा राहिला.

सदतीस म्हटल्यावर जे आठवायला हवं ते मला आठवलं नाही. आपल्याकडे ताप अठ्ठ्याण्णव, शंभर, एकशे एक असाच मोजतात; ते अठ्ठ्याण्णव म्हणजेच या मीटरवरचे सदतीस, हे ध्यानात आलं नाही.

जीवराम दारात बसून पाहत होता. मी विचारलं, हे असं कधीपासून आहे? तो म्हणाला, बसवलं तवापासून. चालू असतं तेव्हा? चालू असतं तवा ते इंजिनाचं दाखवतं, बंद झालं की मग असं. अजून काही विचारावं तर तो उठून नदीकडे गेला. पाणी ओढणाऱ्या पाईपाच्या तोंडाला जाळी होती, तिच्यात शेवाळ अडकायचं. ते काढायला त्याला दिवसातून बऱ्याचदा उतरावं लागे.

४

दुपारी धुरपदाबाई भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन आल्या. आत आल्या, पण नवऱ्याकडे पाहिलं नाही. आधी पॅनेलपाशी गेल्या, डाव्या मीटरसमोर उभ्या राहिल्या. मग वळून जीवरामच्या कपाळाला हात लावला.

"अंग कसकसतं ना?" त्या म्हणाल्या.

जीवराम म्हणाला, थोडंसं.

मी मीटर पाहिला. काटा कुंकवाच्या पुढे सरकलेला होता. एकोणचाळीसच्या आसपास.

भर मे महिन्यात जीवराम गोधडी पांघरून भिंतीला टेकला आणि थरथरू लागला. हिवताप त्याला जुनाच होता, अधूनमधून उलटायचा. माझ्या पिशवीत अंगदुखीच्या गोळ्या असतात, एक दिली. धुरपदाबाईंनी ओल्या फडक्यानं त्याचे पाय पुसले. मी उजव्या इंजिनाचं तेल पाहायचं निमित्त करून उठलो आणि पॅनेलकडे पाठ करून उभा राहिलो. पाहायचं नाही असं ठरवून.

काही वेळानं धुरपदाबाई म्हणाल्या, "उतरतो आता." त्या त्याच्याकडे पाहून म्हणाल्या नव्हत्या. मी वळलो. जीवरामच्या कपाळावर घाम फुटला होता आणि काटा खाली यायला लागला होता.

मनाशी मी बरीच कारणं मांडली. ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलं, उजवं चालू असल्यानं बॅटरीचा व्होल्टेज वरखाली झाला, बोटीच्या मीटरांची बनावट वेगळी असते. प्रत्येक कारणात थोडं तथ्य होतं आणि एकही पुरत नव्हतं. बाईंना विचारायला तोंड उघडलं, पण त्या भांडी गोळा करत इतक्या शांतपणे वावरत होत्या की मला विचारवेना. दूध उतू जातंय का ते पाहावं तसं त्या मीटर पाहत होत्या.

जाता जाता त्यांनीच सांगितलं. उद्या त्यांच्या बहिणीच्या मुलीची हळद होती पलीकडच्या गावात, जावं की नको असं त्यांचं चाललं होतं. जीवराम म्हणाला, जा. त्यांनी मीटरकडे पाहिलं. काटा कुंकवाखाली होता. त्या म्हणाल्या, बरं, जाते.

५

दुसऱ्या दिवशी मी दुपारच्या गाडीनं निघणार होतो. कामाचं काही उरलं नव्हतं, आणि डाव्या मीटरचं मला काही करायचंही नव्हतं. उजवं चांगलं चाललं होतं. धुरपदाबाई सकाळीच गेल्या होत्या. जीवराम जाळी साफ करायला नदीत उतरला होता. बाहेर ऊन असं होतं की खिडकीतून पाहिलं तरी डोळे मिटायचे.

मी वायरींना पट्ट्या बांधत होतो. एका इंजिनाचा आवाज, पत्र्याचं कडकडणं, आणि मधूनच डाव्या इंजिनातून काहीतरी आल्यासारखं. आवाज नव्हे. बंद दाराआड माणूस बसलेलं असलं की कळतं, तसं.

मान वर केली तर काटा चाळीस ओलांडून गेला होता.

मी हातातली पक्कड ठेवली. वायर तपासली. जोड घट्ट होते. काटा एक्केचाळीसवर आला. मग मी वायरच ओढून काढली. काटा तळाला जायला हवा होता. तो हलला नाही. मोकळी वायर माझ्या हातात होती आणि काटा सावकाश पुढे सरकत होता.

मी धावलो.

जीवराम पाईपाजवळ वाळूत पडला होता, तोंड नदीकडे करून, पाय पाण्यात. अंगाला हात लावला तर लावून ठेवता येईना. घाम नव्हता. डोळे अर्धे उघडे आणि तो काहीतरी बोलत होता, आकडे म्हणत असल्यासारखं. मी त्याच्यावर पाणी ओतलं, ओरडलो. वरच्या बागेत केळी भरायला टेंपो आला होता, तिथून माणसं पळत आली. रतिलालही होते. आम्ही त्याला केळीच्या ओल्या पानांवर टेंपोत निजवलं. मी चढणार तर रतिलाल म्हणाले, इंजिन चालू आहे, कुणीतरी इथं थांबायला हवं, धुरपदाबाई येतील त्यांनाही कुणी सांगायला हवं. त्यांचं बरोबर होतं. टेंपो यावलकडे गेला. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

६

परत आलो तेव्हा वायर तशीच लोंबत होती. ती मी जागेवर लावली. का ते सांगता येणार नाही, हाताला सवय असते. मग भिंतीला टेकून बसलो आणि त्या मीटरकडे पाहत राहिलो.

काटा बेचाळीसवर होता. बराच वेळ तिथंच होता. नंतर तो हलला, पण खाली नाही, वर. अगदी हळू. त्रेचाळीस. चव्वेचाळीस.  मग तो पंचेचाळीसवर आला आणि थांबला. शेजारी टांगलेला माझा थर्मामीटर पाहिला. पंचेचाळीस.

 आता तो मीटर खोलीचं तापमान दाखवत होता. बंद इंजिनानं दाखवायला हवं तेच. कुठला तरी गंजलेला जोड वायर ओढल्यानं मोकळा झाला असणार आणि दोष आपोआप गेला. दोन रात्री जी माझी झोप उडाली होती ती एका खराब जोडासाठी, आणि जीवरामचा ताप हा निव्वळ योगायोग. मला खरंच हायसं वाटलं. माठातलं पाणी प्यालो, तोंड धुतलं, पिशवी आवरायला घेतली.

पिशवीची चेन ओढताना पुन्हा पाहिलं. काटा खाली येत होता. सावकाश, नेहमीसारखा, आणि कुंकवाखाली येऊन उभा राहिला.

तेवढ्यात धुरपदाबाई आल्या. वाटेतच कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. हळदीचं लुगडं, पायांत चपला नाहीत, धापा टाकत होत्या. टेंपोमागं जाण्याऐवजी त्या इंजिनघरात आल्या होत्या. माझ्याकडे न पाहता मीटरपाशी गेल्या, काचेला जवळजवळ कपाळ टेकवलं. मग खाली बसल्या.

"उतरला," त्या म्हणाल्या. "उतरला ताप."

पदरानं तोंड पुसलं. मला म्हणाल्या, भाऊ, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नसेल, आणि उठून पलीकडच्या खोलीत स्टोव्ह पेटवला. चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मलाही वाटलं, बरं झालं. इतका दमलो होतो की त्या क्षणी मी तो काटा मानला. जीवराम शुद्धीवर आला असेल, सलाईन लागलं असेल, असं डोळ्यांसमोर आणलं.

चहा झाला. आम्ही दोघं दारात बसून तो प्यालो. त्या हळदीचं सांगत होत्या, मुलगी कशी रडली ते.

टेंपो परत आला तेव्हा रतिलाल पुढच्या सीटवरून उतरले आणि उतरल्या जागीच उभे राहिले. टोपी काढली. यावलला पोचायच्या आधीच, वाटेत, एवढंच ते म्हणाले.

धुरपदाबाई रडल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या. मी मागे गेलो. काटा कुंकवाखाली होता, अजिबात हलत नव्हता. त्यांनी तो पाहिला, मग खोलीभर नजर फिरवली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. शेवटी त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"मंग हा कोनाचा?" त्यांनी विचारलं.

७

बागेला पाणी हवं होतं आणि चालवणारं कुणी नव्हतं, म्हणून नवा माणूस मिळेपर्यंत मी तिथं राहिलो. रतिलाल यांनी मागितलं नव्हतं, पण जीवरामच्या तेराव्यापर्यंत तरी पाणी तुटू नये असं वाटलं. त्या दिवसांत मी डाव्या मीटरवर फडकं टाकून ठेवलं होतं. धुरपदाबाईंना त्यांच्या बहिणीनं नेलं. जाताना त्या इंजिनघरात आल्या नाहीत. मला बाहेरूनच म्हणाल्या, भाऊ, उन्हात फिरू नका.

नवा ऑपरेटर शिंदखेड्याकडचा होता, निंबा नावाचा, माझ्याच वयाचा. त्याला मी उजव्याचं सगळं समजावलं. मग फडकं काढून डाव्याचंही सांगितलं, जसं घडलं तसं, काही न लपवता. हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. एवढंच म्हणाला की हा मीटर काढून टाकायचा नाही, असू द्या. मी म्हटलं, माझी हिंमतही नाही.

पुढच्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. धुळ्यातच होतो, घरी. बायकोला वाटलं मी हातचा जातो. यातलं यावलकडे कुणाला कळायचं कारण नव्हतं, आमचं तिकडे कुणीही नाही. बरा झालो, पण ताकद आली नाही. दुकानात नुसता बसून राहायचो.

एक दिवस निंबा आला. उजव्या इंजिनाचं नोझल दुरुस्तीला आणलं होतं. ते काउंटरवर ठेवलं, पाणी प्याला, आणि मला बराच वेळ निरखत राहिला.

"मांगला महिनामा तुमले लई ताप व्हता ना, भाऊ," तो म्हणाला.

मी हो म्हणालो. कसं कळलं ते विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. नोझल मी उघडून पाहिलं, सुई घासली होती, परवा ये म्हणालो. तो जायला उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. घरात कोण कोण आहे, मुलं कुठं असतात, हे त्यानं विचारलं. मी सांगितलं. मग तो जरा अवघडून, खाली पाहत बोलला.

"मी रोज देखस तो काटा. पन एखांदा दिन तो बरोबर, खोलीइतलाच दाखाडाले लागना, ते तुमना घर कोनले सांगू?"

मी त्याला थोरल्या मुलाचं नाव आणि शेजारच्या दुकानाचा फोन नंबर दिला.